रोमानियाहून आलेली तक्रार

नाही नाही, चहा नको भाग्येश, आत्ताच झाला — बसायला आलोच नाही मी, सहज आलो. म्हटलं, गावचा पोरगा बंगळुरात शिकला, तिकडची नोकरी सोडून परत आला, वाचनालय काढलं, आणि सरपंचाचा नवरा एकदाही आत डोकावला नाही — बरं दिसत नाही. चपला बाहेर काढल्यात हो, तुझा नियम ठाऊक आहे मला, मशिनीत धूळ जाते. मशीन म्हणजे ते पडद्यामागचं ना? कुणीतरी बसलंय वाटतं. बसू दे, बसू दे. कोण आहे ते मी विचारत नाही, तूही सांगणार नाहीस — हे बघ, हसला! मला माहीतच होतं. बरं, तो कांदा दाखव. अरे तोच तुझा, टॉर का काय. त्याच्यावर कांद्याचं चित्र आहे म्हणे. आम्ही इतकी वर्षं शेतात कांदा लावला, कधी कुणाचं नाव लपवलं नाही बाबा त्यानं.

काय म्हणतोस? सालीखाली साल? थांब थांब, मला माझ्या पद्धतीनं समजू दे. माणसानं इथून काही पाठवलं की ते तीन कॉम्प्युटरांतून जातं, तिन्ही वेगवेगळ्या देशांत — पहिल्याला कळतं कुणी पाठवलं, पण कुठं चाललंय ते कळत नाही. शेवटच्याला कळतं कुठं चाललंय, पण कुणी पाठवलं ते कळत नाही. आणि मधल्याला कशाचाच पत्ता नाही. बरोबर? अरे, मग हे तर सरकारी कचेरीसारखंच झालं! त्यासाठी बंगळूरला जायची काय गरज होती? आणि हे भिंतीवर काय लिहिलंय — ‘जोडा’ हे बटण दाबून वाट बघा. खिडकी मोठी करू नका. स्वतःच्या खात्यात शिरू नका. उठताना बंद करा. बंद केलं की काय होतं? सगळं विसरतं? कोण आलं, काय पाहिलं, काय लिहिलं, सगळं? — असलं डोकं मला दे रे एखादं, ग्रामसभेत कामाला येईल.

नाही, चिडू नको, गंमत करतो मी. तुझी तळमळ कळते मला. ‘आबा, माणसाला न घाबरता बोलता आलं पाहिजे’ — चौकात बोललास ना परवा, मी ऐकलं. छान बोलतोस. पण मला सांग, आपल्या गावात घाबरतं कोण? कुणाला घाबरतं? मला? माझं दार दिवसभर उघडं असतं! ज्याला काही बोलायचं त्यानं ओट्यावर यावं, पाणी प्यावं, तोंडावर बोलावं. तर नाही — जिल्हा परिषदेला तक्रार पाठवली, बिननावाची. तू कशाला दचकतोस? तुझं नाव घेतोय का मी? ग्रामसेवकानं तालुक्याला कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, बघ रे ही आली कुठून. तो म्हणतो, रोमानियाहून. रोमानिया! आता रोमानियातल्या माणसाला काय पडलंय की आपल्या गावचे पेव्हर ब्लॉक पितांबर पाटलाच्या, म्हणजे माझ्याच, दारापर्यंतच का आले आणि भिलाटीकडे, त्या भिल्लांच्या वस्तीकडे, का वळले नाहीत? वळणार होते. दुसऱ्या टप्प्यात वळणार होते.

आणि पेव्हर ब्लॉकचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. ते सगळीकडेच असतं. दुसरं जे लिहिलंय ना, ते टोचतं — की सरपंच नावाला आहेत, कारभार नवरा करतो, सहीसुद्धा नवराच करतो. आता यात तक्रार काय? बायकांसाठी जागा राखीव झाली, घरच्या बाईला उभी केली, निवडून आणली कुणी? मी. मग तिला कशाला त्रास द्यायचा? बिलं कॉम्प्युटरवर निघतात, त्याला सरपंचाचा डोंगल लागतो — हा बघ, बोटाएवढा, बुलेटच्या किल्लीलाच अडकवलाय. हा खुपसायचा, पासवर्ड टाकायचा, झाली निर्मलाबाईंची सही. ती स्वयंपाक करते, मी तिच्या सह्या करतो. घरातल्या घरात वाटणी आहे आमची. मिटिंगला जी खुर्ची असते तिची, तिच्यावर मी बसतो, कारण रिकामी खुर्ची वाईट दिसते.

आता सोमवारी साहेब येतायत चौकशीला. आणि म्हणे, सरपंचबाईंना एकटीला खोलीत बसवणार, डोंगल त्यांच्या हातात देणार आणि म्हणणार, करा सही. नाही जमली तर पद गेलं. मी काही घाबरत नाही हं! तिला पढवलंय सगळं. पासवर्ड पाठ करून घेतला रोज भाकरीच्या वेळेला. चुकते. एकदा नाही, दहादा चुकते. बारावीला शाळेत पहिली आली होती म्हणे, लग्नात तिच्या काकांनी चारचौघांत सांगितलं होतं — आणि आता सात अक्षरं लक्षात राहत नाहीत! मी चिडलो की खाली बघून हसते. पण बाई मुकाट आहे, मी सांगितलं त्यापलीकडे एक शब्द बोलायची नाही. तिच्यावर माझा भरवसा आहे. त्या रोमानियावाल्यावर नाही. त्यानंच जर सोमवारच्या आत पाठवून दिलं की चूक झाली, तक्रार मागे घेतो, तर साहेबही यायचे नाहीत. म्हणून आलो. बघ, मनातलं सांगून टाकलं तुला.

नाव नको सांगू. मीच सांगतो, तू फक्त मान हलव. अरे, तू तीन देश फिरवून नाव लपवतोस आणि चपला दारात काढायला लावतोस! माझा ओटा समोरच आहे. टायरच्या चपला म्हणजे जालमसिंग, अंगठा शिवलेल्या गुलाबबाईच्या, तापीबाईची एक नवी एक जुनी — गावातल्या एकेक पायाची वहाण ओळखतो मी. पण एक जोड आहे, निळ्या पट्ट्याची. दुपारी माझा डोळा लागला की येते, तास-दीड तास असते. आजही आहे बाहेर. ती काही ओळखू येत नाही. मी निर्मलालाच विचारलं, तू बायकांत बसतेस, बचत गटाच्या बैठकीला जातेस रोज दुपारी, निळ्या पट्ट्याच्या कुणाच्या गं? तर म्हणते, ‘माले काय माहीत, एखादी पाव्हनी व्हई.’ पाहुणी! महिनाभर राहते का रे पाहुणी?

बरं, हेही सोड. त्या तक्रारीतलं एक वाक्य साहेबांनी मला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. लिहिलंय — ‘आमच्या सरपंचांची सही पिठाच्या डब्यात राहते.’ आता हे कुणाला कळलं? मी घरी आलो की डोंगल किल्लीतून काढतो, प्लास्टिकच्या पुडीत घालतो आणि कळण्याच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसून ठेवतो. कपाटात चोर बघतो, देव्हाऱ्यात पोरं बघतात, पिठात कोण बघणार? इतकी साधी जागा. ग्रामसेवकाला माहीत नाही. सख्ख्या भावाला माहीत नाही. बाहेरचं माणूस आमच्या स्वयंपाकघरात येत नाही. त्या डब्यात कुणाचा हातच जात नाही, एक सकाळ-संध्याकाळ भाकरीला पीठ घेताना —

घेताना —

…

भाग्येश, तिनं चपला कुठून घेतल्या होत्या रे? म्हणजे — नाही. म्हसावदच्या बाजारातून आणली होती काहीतरी पिशवी. मी बघितलं नाही. कशाला बघू? घरातल्या चपला कोण बघतं?

ते खटखट थांबलं का आतलं? आत्तापर्यंत चालू होतं.

कोन शे तठे, पडद्यामागं?

नको. नको, पडदा नको सारू. तू माझ्याकडे बघ. मी इथं आलोच नव्हतो, समजलं? काही बोललो नाही, काही विचारलं नाही. ते तुझं यंत्र विसरतं ना सगळं, तसं विसर. हळू बोल — आणि हे बघ, माझ्या चपला… बाहेर त्या निळ्यांना अगदी लागूनच काढल्यात मी. चौकात माणसं बसलीयेत रे. जरा गुपचूप आत आण. आणि मागचं दार कुठंय?