विम्यात सवलत मिळते म्हणे!

सवलत मिळते म्हणे! ...नाही, हसू नका, हसण्यासारखं काही नाहीये यात, सख्ख्या मेहुण्यानं गळा कापलाय माझा, तोही माझ्याच घरी चहा पीत पीत, आणि वर मलाच म्हणतो कसा, "विल्फ, गाडी तू छान चालवतोस, बोलतोस फार." अरे, पण मला बोलायला शिकवलं कुणी?

तर तुम्हाला सांगतो, झालं काय... मी बस डेपोतून रिटायर झालो आणि आमच्या डोरीननं घरखर्चाला कात्री लावायला घेतली. लाव बाई! चांगली बिस्किटं गेली, पेपर बंद झाला, मी चकार शब्द काढला नाही. मग ती कात्री आली माझ्या मोटारसायकलीपाशी. आता ती मोटारसायकल म्हणजे... कसं सांगू, उभा जन्म यॉर्कशरच्या लोकांना बसमधून हिंडवण्यात गेला, कुणाला बाजारात, कुणाला शाळेत, कुणाला दवाखान्यात, आणि स्वतःसाठी म्हणून घेतलेली ही एकच वस्तू! हिरवीगार! आणि डोरीन शांतपणे म्हणाली, "या खेपेला विमा गेल्या वर्षीपेक्षा कमी आला तर राहू दे. नाहीतर विकायची." डोरीन ओरडली तर माणूस वाद घालू शकतो हो, शांतपणे बोलली की संपलं.

तर त्या रविवारी जेवायला तिचा धाकटा भाऊ आलेला, नेव्हिल. घरं विकतो, विकलेल्या घराविषयी पुन्हा कधी बोलत नाही, असा माणूस. सुट्टीच्या दिवशी पिवळंजर्द जाकीट घालून लोकांना मोटारसायकल नीट चालवायला शिकवतो, फुकट! तो म्हणाला, आमचा ॲडव्हान्स्ड कोर्स कर, परीक्षा पास झालास की विमा कंपनी सवलत देते. मी म्हटलं, अरे, मी डबलडेकर चालवली आहे, बर्फातून, चढावरून, शाळेच्या पोरांसकट, मला तू आरशात बघायला शिकवणार? तर बटाटा तोंडात टाकत म्हणाला, सवलत मिळते. झालं... डोरीननं माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या रविवारी मीही पिवळ्या जाकिटात.

आता हा कोर्स कसा असतो, तर पुढे तुम्ही, मागे नेव्हिल, हेल्मेटमध्ये माईक, आणि गाडी चालवता चालवता तुम्ही मोठ्यानं बोलायचं! जे दिसतंय ते सगळं! खरंच सांगतो, अशीच पद्धत आहे, म्हणे त्यानं लक्ष राहतं. मग मी आपला डोंगरातनं बडबडत चाललोय... पुढे डावं वळण, दगडी भिंत, भिंतीपलीकडे मेंढ्या, फाटक उघडं, रस्त्यावर ताजं शेण, वेग कमी करतोय... आणि कानात नेव्हिल, "मेंढ्या सांगितल्यास, कुत्रा कुठाय?" कुठला कुत्रा? "मेंढ्या आहेत म्हणजे कुत्रा असणार. दिसत नाही तेही सांगायचं, विल्फ. काही म्हणजे काही लपवायचं नाही." का तर सवलत मिळते म्हणे!

अहो, सवयच लागली! दुकानात गेलो तर, पुढे दोन बायका, गप्पांत, मध्येच थांबण्याची शक्यता, उजवीकडून काढतोय... त्या बायका वळून बघताहेत! घरात डोरीन समोरून आली की, हातात विजेचं बिल, भुवया वर, पुढे धोका... हे सगळं मोठ्यानं! तिनं दोन दिवस अबोला धरला. मी म्हटलं असू दे, सवलत मिळते म्हणे.

आणि पास झालो ना मी! परीक्षा घ्यायला मोटारसायकलवरचा जुना पोलीस आला होता, नजरेला नजर न देणारा. सगळं झाल्यावर पावसात उभा राहून म्हणाला, "वाईट नव्हतं." आता आमच्या भागात याच्या वर कौतुक नसतंच, लग्नातसुद्धा एवढंच म्हणतात. मी हेल्मेट काढलं नाही बराच वेळ, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग लावला विमा कंपनीला फोन. डोरीन शेजारी, फोनचा आवाज मोठा. पलीकडे बेथनी नावाची पोरगी, इतकी गोड बोलणारी की विचारू नका. अभिनंदन म्हणाली, सवलत लावली म्हणाली, आणि आकडा सांगितला. कमी! गेल्या वर्षीपेक्षा चांगला कमी! डोरीननं माझा हात दाबला हो, आणि उठून कपाटातनं चांगली बिस्किटं काढली, म्हणजे लपवून ठेवली होती तिनं. गाडी वाचली होती! आणि ती बेथनी सहज म्हणाली, "बाकी माहिती तीच ना? काही बदल नाही?"

नाही. बस, एवढंच म्हणायचं होतं. दुधखुळं पोरसुद्धा म्हणालं असतं. पण माझं तोंड सुटलं! म्हटलं, गाडी गॅरेजात असते... नाही, गॅरेजात आता नेव्हिलचा सोफा, त्याच्याकडे ठेवायला जागा नाही म्हणून आमच्याकडे, गाडी बाहेर, भिंतीला लागून, रस्ता उताराचा, खांबावरचा दिवा बंद, कोपऱ्यावर पब, शुक्रवारी गर्दी, आणि हो, या कोर्सपायी दर रविवारी एवढं हिंडलो की वर्षाचे मैल दुपटीच्या वर गेले... डोरीन हातानं खुणा करतेय आणि मी तेही सांगतोय! बायको खुणा करतेय, पलीकडे मुलगी टाईप करतेय, आकडा वर जाण्याची शक्यता!

गेला. सवलत धरूनही गेल्या वर्षीच्या वर गेला! बेथनी म्हणाली, इतकं मोकळेपणानं कुणी सांगत नाही, मिस्टर ऍक्रॉइड, थँक्यू. डोरीननं बिस्किटंसुद्धा परत नेली नाहीत. तिलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शब्द तो शब्द.

आणि विकली कुणाला म्हणता? नेव्हिलला! हो, त्यालाच! त्याला विमा किती स्वस्त पडला माहितेय? कारण त्याची गाडी गॅरेजात असते. गॅरेज रिकामं आहे ना त्याचं... का रिकामं? अहो, सोफा माझ्याकडे! मी म्हटलं, बाबा रे, आता तरी सोफा ने, तर म्हणतो, "विल्फ, नेला तर गाडी कुठे ठेवू?"

आम्हा मोटारसायकलवाल्यांत एक रीत आहे बघा. रस्त्यात समोरून मोटारसायकलवाला आला की मान हलवायची. ओळख असो, नसो, भांडण असो, मान हलवायचीच. परवा मी बसस्टॉपवर उभा, आणि चढावरून माझी हिरवी आली, वर नेव्हिल. कितीही झालं तरी माझी मान आपोआप हलली. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि सरळ पुढे गेला. आता त्याचं तरी काय चुकलं म्हणा... बसची वाट बघणाऱ्याला कुणी मान हलवत नाही.