रेती काळी होईस्तोर

— नाही, नाही मॅडम, बाटली तिथं नका भरू, हा नळ घ्या, टाकीच्या खालचा. तुम्ही पाणी तपासाले आल्या ना, मंग बराबर जागचं घ्या. पाहा, आता कसं दिसते? काचेवानी! अन् रात्रभर गुंडात ठेवा, सकाळी तळाशी काजळी. बोअरच्या पाण्यात मॅंगनीज हाय म्हणे, ते काढाले हे फिल्टर बसवलं तांड्यात, अन् चाबी मले देली. मलेच काहून? तवा दुसऱ्या कोणाले नको होती! आता सगळ्याइले पाह्यजे.

बसा ना, खाट हाय. होय, मी इथंच राह्यते, फिल्टरच्या खोलीत. हसू नका. मालक वारले, मंग मी भासऱ्याच्या घरी होती, मालकाचे मोठे भाऊ, देवीलाल. वाईट नाहीत ते. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत — फक्त उठली का विचारतात कुठं चालली, बसली का विचारतात काहून बसली. चहात साखर टाकली त जाऊ डब्याकडं पाहे. इथं माह्या मनानं चहा करते मी. तेवढंच. पण तेवढ्यासाठी — जाऊ द्या.

आज दिवस कलला का बैठक हाय, तांड्याच्या नायकाच्या दारी. पाणी पुन्हा काळं पडून राह्यलं, पोरींचे शाळेचे कपडे डागले, शेजारची बिजलीबाई म्हणते, जमनीच्या — म्हणजे माह्या — हाताले गुणच नाही. चाबी तांड्यातल्याच लखीरामले द्यायची म्हणतात. चाबी गेली का खोली गेली, अन् खोली गेली का मी पुन्हा त्या घरात. म्हणून म्हणते, मशीन खराब हाय असं लिहून द्या तुम्ही. माह्याकडून काहीच कमी नाही! उलटं पाणी सोडून टाकी धुते, बसवणाऱ्यानं देलेलं जांभळं औषध घालते — अन् तिजेच्या आधी त — तीज माहीत हाय ना? आमच्या पोरी टोपल्यात गहू पेरतात, गाणे म्हणत रोज पाणी घालतात. त्या पाण्यात काळं यावं? म्हणून मी झाकणच खोललं. आत रेती कशी — तव्याच्या बुडावानी काळी, बाप्पा! फुलसावंगीच्या बाजारातून चिंच आणली, घमेल्यानं सगळी रेती काढली अन् पितळेचा लोटा घासतो तशी घासली. पांढरीफट! अख्खा तांडा पाहाले आलता. भासरेसुद्धा म्हणाले, वा जमना! जिंदगीत पह्यल्यांदा. या, अजून कशी पांढरी हाय दाखवते —

काय झालं? तोंड काहून उतरलं तुमचं?

काळीच पाह्यजे? म्हणजे ती घाण नव्हती — रेतीवरचं काळंच पाण्यातलं काळं धरते? अन् चिंचेनं तेच गेलं? तो बसवणारा म्हणे, झाकण खोलू नको. काहून नको, ते नाही सांगतलं. मले वाटलं, आपलं काम लपवून राह्यला.

म्हणजे मीच घालवलं ते — माह्याच हातानं.

मंग आता? ते जांभळं औषध घालत राह्यलं का रेती पुन्हा काळी होते? आपोआप? खरं? कधी — महिने लागतात! मॅडम, बैठक आज हाय. मशीन खराब लिहिलं त मशीन उचलून नेतील, मी त्या घरी. मी घासली लिहिलं त चाबी काढून घेतील, मी त्याच घरी. काहीच नका ना लिहू... नाही, नाही. तुमची नोकरी हाय, अन् लेकरं हे पाणी पितात. लिहा. जमनीनं चिंचेनं घासली, लिहा. नाही त उद्या लखीराम लिंबानं घासन.

ते पाहा, आलेच भासरे, नायकाले घेऊन. बैठकीची वाटही नाही पाह्यली. तुम्ही निघा. बाटली घ्या, चप्पल घाला. त्याइले सांगा, वापराले पाणी रोज सोडीन, पण प्याचं तोवर टँकरचं मागवा. औषध माह्यापाशी हाय, पीठ हाय, साखर हाय. रेती काळी झाली का दार उघडन जमनी. तोवर ठोकत बसा म्हणा.

बोट काढा मॅडम, दबन. आतून कडी लावून राह्यली मी.