झिरकोनियाची चकती

गोंदियाच्या बसस्थानकावर माझ्यामागच्या बाकावर बापलेक बोलत होते.

"आजीच्या तेरवीले काऊन नाही आली, हर्षा?"

"बाबा, आठ महिन्यांनी मशीन मिळाली होती, तीनच दिवस. सोडली असती तर पुढच्या वर्षी."

"काय करते ते मशीन?"

"झिरकोनियाच्या चकतीवर आयनांचा मारा करते. दाताच्या कॅपसारखं सिरॅमिक असते ते. न वितळता आतली अणूंची मांडणी बदलते."

"वरून दिसते?"

"नाही. एक्स-रेनं समजते."

"मंग बदलली?"

"तिसऱ्या दिवशी. थोडीशी."

"मी सगळ्यायले सांगतलं, तुले ताप हाय म्हणून."

"खरं काऊन नाही सांगतलं?"

"मलेच कुठं मालूम होतं?"

"आता सांगा."

"कोणाले सांगू? तू काय करतेस, हे विचारत तर माही आईच होती."