शांतवन मास्तरांनी दिलेलं उत्तर

मंडळी, ऐका. उद्या सकाळपासून तुमचं उजळणी शिबिर सुरू होतंय, आणि आज फादरांनी मला इथं कीर्तनाला उभं केलंय. म्हणाले, बुवा, आमच्या लोकांना जरा तयार करा. तर आधी बघू द्या, समोर कोण कोण आहे. धर्मशिक्षक आहेत. मिस्सेच्या उपासनेत वाचन करणारे आहेत. आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर घेऊन जाणाऱ्या आमच्या भगिनी आहेत. गायनवाले आहेत, ते पेटीपासून उठायला तयार नाहीत. आणि शेवटच्या बाकावर – दिसतात मला – दोन फादरही आहेत. फादर, दर रविवारी लोकांना पुढं या, पुढं या म्हणता, आणि आज स्वतः मागं?

हसा, मंडळी. आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला जागा थोडी आहे.

एक प्रश्न विचारतो. जो दुसऱ्याला शिकवतो, त्यानं स्वतः शिकायचं थांबवलं, तर नुकसान कुणाचं? त्याचं? मग काही बिघडत नाही. ज्याचं त्यानं भोगावं. पण तसं होतं का? ऐका, मग तुम्हीच सांगा.

तांबडवाडी नावाचं गाव. तालुक्यापासून लांब, माळरानावर. ख्रिस्ती वस्ती शे-सव्वाशे उंबऱ्यांची, एक छोटं देऊळ, मागं कबरस्तान, त्याला तारेचं कुंपण. फादर राहायचे मिशनच्या गावात, महिन्यातून एकदा मिस्सेला यायचे. बाकी सगळं एका माणसाच्या खांद्यावर. त्याचं नाव शांतवन पारधे. रविवारची प्रार्थना त्याची, पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्याचा, आणि फादर वेळेवर पोचले नाहीत तर मातीसुद्धा तोच द्यायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. माणूस कसा होता? सरळ. कुणाचा रुपया खाल्ला नाही, कुणाच्या दारात उगाच बसला नाही. मी त्याची निंदा करायला उभा नाही, मंडळी. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते, आपण तिच्यात नसतो!

मास्तर लहानपणी बोर्डिंगात शिकला. एक म्हातारे, कडक परदेशी फादर होते, त्यांनी जे घोकून घेतलं ते त्याला शेवटपर्यंत पाठ. प्रश्न विचारा, उत्तर तयार. गावाला त्याचाच अभिमान. आमच्या मास्तरांना अडत नाही, म्हणायचे.

आता मिशनमध्ये दरवर्षी ईस्टरनंतर धर्मशिक्षकांचं शिबिर भरायचं. तुमचं उद्या आहे तसंच. शास्त्राचा अभ्यास, ख्रिस्तसभेची शिकवण नव्यानं समजून घेणं, आणि मध्ये एक दिवस मौन. नुसतं देवापुढं बसायचं. मास्तर सुरुवातीला गेला. एका वर्षी त्या मौनाच्या दिवशी दुपारी उठला, पिशवी उचलली आणि एसटी धरून घरी आला. त्यानंतर पुन्हा गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, देव काय बदललाय का, पुन्हा पुन्हा काय शिकायचं?

खरं कारण वेगळं होतं. मास्तरचं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून त्यानं आपल्या हातानं ते कुंपणाबाहेर बाभळीखाली पुरलं, प्रार्थना न म्हणता. कारण त्याला तसंच शिकवलं होतं – बाप्तिस्म्याविना गेलेलं लेकरू अंधाऱ्या जागी राहतं, त्याला देवाचं तोंड दिसत नाही. बायकोला, सगुणाबाईला, त्यानं तेच सांगितलं.  पुढं दोन पोरं झाली, संसार चालला. पण त्या दिवशी मौनात बसल्यावर ते लेकरू त्याच्यासमोर आलं. तो घाबरला आणि पळाला. अडाणी म्हणून नव्हे, मंडळी, भिऊन पळाला. आणि भीतीला त्यानं नाव दिलं – मला सगळं येतं.

म्हणा माझ्याबरोबर, पेटीवाले, सूर द्या –

आड उपसावा, तरच पाणी गोड,
नाहीतर जोड शेवाळाची.
शिकविणाऱ्याने रोजच शिकावे,
पायाशी बसावे ख्रिस्ताचिया.

आता त्याच गावातली केसर. नवरा शमुवेल, वीटभट्टीवर काम करायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. नवस झाले, डॉक्टर झाले, आणि शेवटी देवानं ऐकलं. आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. तालुक्याला नेलं. बाळ झालं, पण रडलं नाही. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी शमुवेलनं बाळ टॉवेलात गुंडाळून जीपमधून गावात आणलं. केसर मागच्या सीटवर आडवी. घरी न जाता जीप सरळ मास्तरच्या दारात थांबली. शमुवेल म्हणाला, कबरस्तानात जागा दाखवा. मास्तरनं टॉवेलाकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, कुंपणाच्या आत नाही देता येणार, बाप्तिस्मा झालेला नाही. शमुवेल गप्प झाला. गरीब माणसाला नियम सांगितला की तो गप्पच होतो.

पण केसर जीपमधून उठून बसली. तिनं विचारलं,

"मास्तर, माझं बाळ आता कुठं असंल?"

मंडळी, या जागी थांबा. तुम्ही असता तर? मला माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. फादरांना विचारतो, म्हणता आलं असतं. नुसतं तिच्याजवळ बसता आलं असतं. पण ज्याला कधीच अडत नाही, त्याला थांबता येत नाही. उत्तर जिभेवर तयार होतं. जे त्यानं बायकोला दिलं, जे स्वतःला दिलं, तेच तिला दिलं. हळू आवाजात, दुष्टपणा काही नाही.

"अंधारात असतं, बाई. देवाचं तोंड दिसायचं नाही त्याला. पण त्याला दुखत नाही."

बाळ बाभळीखाली गेलं.

केसर घरी गेली. रडली नाही. सासू म्हणायची, रड गं, मोकळी हो. ती चुलीपुढं बसायची, आणि खोलीत अंधार पडला तरी दिव्याचं बटण दाबू द्यायची नाही. शमुवेलनं दिवा लावला की विझवायची. एकदा त्याला म्हणाली, त्याला सवय नसंल वो अंधाराची.  शमुवेल भट्टीवर जायचा आणि तिथं विटांच्या आड रडायचा.

काही दिवसांनी केसर मास्तरच्या घरी आली. केस विंचरलेले, नीट लुगडं नेसलेली. मास्तरला वाटलं, सावरली. तिनं विचारलं, "बाप्तिस्मा झालेल्या माणसाला त्या अंधारात जाता येतं का?"

मास्तर पोरांच्या पाठांतराच्या गडबडीत होता. म्हणाला, "तिकडं कशाला जायचं? देवाकडं जाणूनबुजून पाठ फिरवणाऱ्यालाच अंधार."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

मंडळी, या 'बरं'चा अर्थ कळला तुम्हाला? मास्तरला कळला नाही. दुसऱ्या दिवशी, ऊन कलताना, शमुवेल धावत आला. केसर घरात नाही. बाभळीखाली बघितलं, तिथंही नाही. चपला उंबऱ्याशी आहेत. तेव्हा मास्तरच्या डोक्यात तो प्रश्न पुन्हा वाजला, आणि या खेपेला त्याला ऐकू आला. ती विचारून गेली होती. जीव देणं म्हणजे देवाकडं पाठ फिरवणं, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. लेकरापाशी जायची वाट विचारून गेली होती, आणि त्यानं ती दाखवली होती!

 मग तो पळाला. माणसं ओढ्याकडं, मळ्याकडं पांगली. तो पाझर तलावाच्या वाटेला लागला. साठीला आलेला माणूस, धोतर काट्यात फाटतंय, श्वास पुरत नाही. प्रार्थना म्हणायला गेला, तर एकही आठवेना. आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलेल्या प्रार्थना, आणि एक आठवेना. तोंडातून फक्त 'नको, नको' येत होतं. कुणाला म्हणत होता, त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

ती दिसली. बांधाच्या खाली, दगडावर बसलेली, पाय पाण्यात. पुढं पाणी खोल आणि काळं.

मास्तर लांबच थांबला. जवळ जावं तर भीती, हाक मारावी तर भीती.

"केसर."

तिनं मागं बघितलं नाही. "मास्तर, माघारी जावा. तुम्हाला बघाया लावायचं न्हाई मला."

मास्तर तिथंच खाली बसला. म्हणाला, "मी तुला सांगितलं ना, ते मला ठाऊक नव्हतं."

"मग सांगितलं कशाला?"

"मला एकानं सांगितलं, मी पुढं सांगितलं. डोळ्यानं बघितल्यासारखं सांगितलं. त्या बाभळीखाली माझंबी लेकरू हाये, केसर. मला भ्या वाटतं म्हणून मी कधी कुणाला विचारलं न्हाई."

आता ती वळली.  "मग कुणाला ठाऊक हाये?"

"चल, विचारू. फादरला विचारू."

"आन तुम्ही म्हणला तेच खरं निघालं तर?"

मंडळी, यालासुद्धा त्याच्याकडं पाठ केलेलं उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "तर मी तुझ्याशेजारी बसून रडीन. तुला एकटीला न्हाई सोडणार."

केसरनं पाय पाण्यातून काढले.

शमुवेलनं कुणाची तरी रिक्षा आणली. तिघं मिशनच्या गावाला निघाले.  वाटभर मास्तरच्या मनात एकच होतं. फादर म्हणाले, मास्तर बरोबर बोलले, तर? आयुष्यात पहिल्यांदा आपलं उत्तर चुकावं म्हणून तो माणूस देवाच्या विनवण्या करत होता.

फादर तुस्कानो, वसईकडचे, तरुण नव्हे, म्हातारे नव्हे. त्यांनी तिघांना व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.  मग ते खुर्चीवरून उठले आणि केसरसमोर खाली बसले.

"केसरबाई, बालकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका, असं येशू म्हणाला. अशा लेकरांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हाती सोपवते, आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. त्यांच्या मातीसाठी प्रार्थना आहे आपल्या पुस्तकात. तुमच्या बाळासाठी ती म्हणायला मी स्वतः येतो."

केसरनं विचारलं, "म्हंजी अंधारात न्हाई?"

"ज्यानं तुमच्या पोटात त्याला घडवलं, त्याच्या हातात आहे. तुमच्यापेक्षा त्याला ते कमी लाडकं असेल का?"

तेव्हा ती रडली. शमुवेलनं तिला धरलं. मास्तर भिंतीशी उभा होता. त्यानं विचारलं, फादर, मग मी शिकलो ते खोटं होतं? फादर म्हणाले, जुन्या विद्वानांनी अंदाज बांधला होता, मास्तर. ख्रिस्तसभेनं तो कधी श्रद्धेचा भाग केला नाही. तुम्ही अंदाज घेतलात आणि निकाल म्हणून दिलात. दर शिबिरात आम्ही हे सांगतो. मग म्हणाले, तुम्ही येत नाही हे मला दिसत होतं. तुमच्यामुळं माझं काम हलकं होतं, म्हणून मीही विचारलं नाही.

शेवटच्या बाकावर ऐकू गेलं का?

निघताना केसरनं डोळे पुसले आणि मास्तरला विचारलं,

"माझ्याआधी कितीजणींना सांगितलं?"

मास्तर बोटं मोजू लागला.

रविवारी फादर आले. बाभळीखाली प्रार्थना झाली, केसरच्या आणि मास्तरच्या, दोन्ही लेकरांसाठी. केसरनं आपल्या बाळाचं नाव मोठ्यानं सांगितलं, नाथान. पण पुढं कितीतरी दिवस मास्तर प्रार्थना घ्यायला उभा राहिला की ती उठून बाहेर जायची. माफी लगेच मिळते असं मी तुम्हाला सांगणार नाही, मंडळी. मास्तरनं ते सोसलं. ईस्टरनंतर शिबिराला गेला. मौनाच्या दिवशी बसला, घाबरला, आणि बसून राहिला.

पण ते नंतर. त्याआधी, मिशनमधून परतला त्याच रात्री, तो चुलीपाशी गेला आणि सगुणाबाईला सगळं सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला. म्हणाली, फादर काय म्हणाले ते पुन्हा सांगा. त्यानं सांगितलं. पुन्हा सांगा, म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि इतक्या वर्षांनी त्या घरात पहिल्या लेकरासाठी रडणं झालं. मग ती म्हणाली, "आता उठा. बाकीच्यांच्या दारी जा. काहीजणी म्हाताऱ्या झाल्या असतील."

मास्तर दारोदार फिरला. तांबडवाडीत फिरला, आसपासच्या वस्त्यांवर फिरला. कुणी दार लावून घेतलं. कुणी ऐकून त्याचे हात धरले. एकीनं विचारलं, मग आमची एवढी वर्षं कोण परत देणार? त्याला उत्तर नव्हतं, आणि आता त्याला ते म्हणता यायचं.

शेवटी तो एका वस्तीवर गेला. द्वारकाबाई नावाची म्हातारी तिथं राहायची. कधीकाळी तिची मुलगी जन्मताच गेली होती. दारात तिचा मुलगा बैल धूत होता. मास्तर म्हणाला, आईशी काम होतं. मुलगा म्हणाला, आई गेली, पोळ्याच्या आधी. फार तळमळली शेवटी. सारखी विचारायची, माझी पोर मला भेटल का, माझी पोर मला भेटल का. आम्ही म्हणायचो, भेटल, आई. तर मान हलवायची. मास्तरांनी सांगितलंय न्हाई म्हणून, असं म्हणायची.

मास्तर उन्हात उभा राहिला. मुलगा म्हणाला, बसा की, पाणी घ्या. तो बसला नाही.

मंडळी, द्वारकाबाईला आता सगळं कळलं असेल. देव दयाळू आहे, त्यानं तिची पोर तिच्या कुशीत दिली असेल, अशी माझी आशा आहे. पण मरणाच्या खाटेवरच्या त्या तिच्या रात्री? त्या कुणाच्या नावावर?

उद्या शिबिर आहे. तुमच्यातला कुणीतरी आत्ता मनात म्हणत असेल, मला सगळं येतं, दोन दिवस राहून निघून जाईन. जा बापा. तुला कोण अडवणार? फक्त जाण्याआधी एक आठव. आजाऱ्याच्या उशाशी, मातीच्या वेळी, वर्गातल्या पोरांपुढं तू काय काय बोललास? ते खरं आहे हे तुला ठाऊक होतं, की नुसतं पाठ होतं? आणि ते ऐकून कोण घरी गेलं, आणि दिवा न लावता बसलं?

पेटी राहू द्या आता. डोळे मिटा. थोडा वेळ देवापुढं गप्प बसू. भीती वाटली, तरी उठू नका.