रंजिता इथंच राहते

राहते ना. कायले राहणार नाही — रंजिता धनसिंग राठोड, इथंच राहते, याच घरात. मी देवीलाल राठोड, सेवानिवृत्त, तिचा आजा, दादा म्हणते ती मले. सख्खा नाही, तिच्या बापाचा काका होतो मी — पण आमच्यात आजा म्हणजे आजाच, त्यात अर्धा-पाव नसते. कंपनीनं पत्ता तपासायले पाठवलं म्हणता, तर तपासा की. जमीर म्हणलं ना नाव? बसा जमीरभाई. उभ्यानं तपासणी होत नसते. मी सारी नोकरी एसटीच्या आगारात पार्सलच्या खिडकीवर काढली, मले माहीत आहे — उभा माणूस सही घेऊन पळते, बसलेला वाचून घेते. अवं ऐकलं काय, चहा टाक, पोरीच्या कंपनीचे साहेब आले! साहेब नाही? बरं, नाही तर नाही. साहेब तसाही दुपारचा फिरत नाही. आधी स्कूटर दुरुस्त करत होते म्हणता? मंग चांगलं आहे, निदान खोलून पाहायची सवय असेल.

तुमच्या मोबाईलात असेलच तिचं पद — सप्लाय चेन मॅनेजमेंट इंटर्न. केवढं लांब! दोन महिने, बुटीबोरीच्या गोदामात, सोमवारी हजर व्हायचं, पण तुमचा होकार गेला तरच. आता पाहा, आमचे खापरपणजे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालत, लदेणी म्हणत त्याले. त्याच धंद्याले कोणीतरी इंग्रजी नाव देल्लं अन् आता त्यात शिरायले आमच्याच पोरीनं अर्ज करावा. नाही, अभिमान नाही सांगून राह्यलो. अभिमान जयंतीच्या भाषणात सांगतात, हार घालून. बैलाचं शेण भरणाऱ्याले कोणी मॅनेजर म्हणत नव्हतं, अन् त्याचीही काही इच्छा नव्हती — मीठ ओलं होऊ नये एवढीच फिकीर.

पण या इंटर्नशिपा मिळतात कशा ते मी यंदा जवळून पाहिलं, अन् खरं सांगतो, शिसारी आली. कॉलेजातले सर म्हणाले, आपली आपण शोधा, त्यानं आत्मविश्वास वाढते. शिकायचंही आपलं आपण शिका म्हणले असते तर फी तरी वाचली असती. मंग पोरगी बसली मोबाईल घेऊन. ज्याची ओळख ना पाळख, त्याले हात जोडून मेसेज — नमस्कार सर, मी अमुक, मले शिकायची इच्छा आहे. याले म्हणे नेटवर्किंग म्हणतात. आमच्या वेळी वशिला म्हणत, पण वशिल्यात निदान माणूस ओळखीचा असे. एकानं उत्तर देल्लं — मोठा अधिकारी, नावापुढं पदव्याईची शेपूट — काय उत्तर? ‘हाय डिअर, फोटो पाठव.’ तिनं मले नाही दाखवलं, जमनाबाईले दाखवलं — हे आमच्या घरचं माणूस, आतमधी चहा करून राह्यली ते — अन् जमनानं मले. मी म्हणलं, पाठव माझा, पांढऱ्या मिशीचा. पाठवला. पुढं त्या साहेबाची शिकवायची इच्छा मेली. बाकीच्या कंपन्या मात्र सभ्य हो. नाही म्हणतात तेही किती गोड — ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ सगळ्याईची एकच शुभेच्छा, स्वल्पविरामासकट.

अन् आमच्या प्रेमचं पाहा. माझा सख्खा नातू, पुण्यात हाच कोर्स करते. त्याले नाही शोधा लागलं काही. खताच्या दुकानात गेला, युरियाच्या पोत्यावर हात ठेवून फोटो काढला, दुकानदारानं सर्टिफिकेट देल्लं — साठा व्यवस्थापनाचा दोन महिन्यांचा अनुभव. अरे, पोतं उचलून तरी पाहायचं होतं, मी अनुभव म्हणून मान्य केलं असतं! सूनबाईनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्या खानदानानं अंगठे देल्ले. मीही देल्ला — न देता राहतो कुठं? हे लिहू नका. तुमच्या तपासणीत त्याचं काही काम नाही.

रंजिताले म्हणलं, तुले असंच एखादं सर्टिफिकेट आणून देऊ काय, ओळखी आहेत माझ्या. तर म्हणे, ‘कागद नको दादा, मले गोदाम पाहायचं आहे. माल आपल्या फाट्यापर्यंत येते अन् तिथंच चहाच्या टपरीवर टाकून जातात, पुढं काहून येत नाही ते मले आतून पाहायचं आहे.’ आता बोला! पोट्टीले सिनेमा पाहायचा नाही, गोदाम पाहायचं — आपल्या फाट्यापर्यंत म्हणजे तिच्या बापाच्या, हं. बाभुळगावकडं तांडा आहे आमचा, बाप तिथं शेती करते. पोरगी इथं. दोन्ही असू शकते ना? असते लोकाईचं तसं.

तर मुलाखत. इथंच झाली, तुम्ही बसले त्याच खुर्चीवर, तांड्यावर रेंज कुठून आणायची! सकाळच्या बसनं आली बिचारी — म्हणजे कॉलेजातून आली, बसनं. जमनानं गॅस बंद केला, कुकरची शिट्टी व्हायले नको म्हणून, अन् आम्ही दोघं पडद्यामागं, चोरासारखे. तो मुलाखतवाला टाय लावून, मागं पुस्तकाचं मोठं कपाट. खोटं कपाट, चित्र होतं — तो हलला की त्याचा एक कान पुस्तकात गडप होत होता. त्यानं विचारलं, ‘शेवटच्या गावापर्यंत माल पोचत नसेल तर तुम्ही काय कराल?’ मले वाटलं आता ही पाठ केलेलं म्हणते. आमची म्हणाली, ‘सर, आधी त्या गावाचं नाव यादीत घालीन.’ तो हसला. म्हणे, व्हेरी गुड, ही तर केस स्टडी आहे. केस स्टडी! अरे भल्या माणसा, ती तुझ्याच कंपनीची गोष्ट सांगून राह्यली, अन् तू कान सांभाळ!

तिले ते उत्तर कुठून सुचलं, सांगू? तिनं ह्याच कंपनीच्या अर्जात पत्ता टाकला, तांड्याचा, पिन कोडासकट — तर लाल अक्षरं आली. ‘या भागात आमची सेवा उपलब्ध नाही.’ अन् पुढचं पानच उघडे ना. अहो, पोरगी काही साबण मागून नव्हती राह्यली, काम मागून राह्यली होती! माल पोचवायच्या गावाईच्या यादीवरच माणसाईचा अर्ज बांधलेला — कोण्या शहाण्यानं केलं असेल ते? फोन केला तर बाई म्हणते, मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं तर तीच बाई हिंदीत सुरू. तीनदा केलं मी. मंग मीच म्हणलं, टाक माझा पत्ता. यवतमाळ चालते त्याईले. तर पोरगी म्हणे, ‘मी तर तांड्यावर राहते दादा, खोटं कायले लिहू?’ मी म्हणलं, ‘खोटं नाही, सोयीचं. अर्ज खरा भरायचा नसते, स्वीकारला जाईल असा भरायचा असते.’ ‘मंग तुम्ही प्रेमले काहून हसता?’

असं. तोंडावर. माझ्याच घरात बसून.

मी भडकलो. म्हणलं, ‘तुले खरं ठरायचं आहे का कामाले लागायचं आहे? कोण्या नकाशात आहे तुझा तांडा, दाखव मले!’ नको होतं म्हणाले. त्याच तांड्यावर माझी नाळ पुरली, अन् मीच... तिनं माझा पत्ता टाकला अन् गेली. तेव्हापासून या घरचं पाणी नाही प्यायली ती. मुलाखतीले आली तर बाटली घेऊन आली, घरून. जमनानं डोळ्याले पदर लावला तरी नाही. आजही बोलावलं होतं, तुमचा फोन आलता म्हणून. तर फोनवर म्हणे, ‘परक्या माणसासमोर मी इथं राहते असं मले म्हणता येणार नाही. तुम्हाले येते दादा, तुम्हीच म्हणा.’ मंग काय, म्हणलं मी. तुम्ही पायरी चढत नाही तर म्हणलं —

काय झालं? मोबाईल कायले खाली ठेवला?

नाही, जमीरभाई, हे — हे बोलणं वेगळं अन् तपासणी वेगळी. म्हातारा माणूस, बोलण्यात वाहवते. सगळं लिहिलं काय तुम्ही? अवं, चहा राहू दे, इकडं ये — नाही, नको येऊ, थांब तिथंच. पाहा भाऊ, लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा. देवीलाल राठोड खोटं बोलला, लिहा तसं, ठळक लिहा. पण पोरीचं गोदाम नका हिसकू. तिच्या बापानं बॅग आणली तिच्यासाठी, धनसिंगनं, बाभुळगावातून, चाकाची — तांड्याच्या रस्त्यानं चाकं चालतात कुठं, डोक्यावर घेऊन गेला. सोमवारी जायचं तिले. ती तर नाहीच म्हणत होती खोट्याले, तुमच्यासमोर सांगितलं ना मी आत्ताच? तिनं काहीच —

काय? काय दाखवता? थांबा, चष्मा... हिरवी खूण. म्हणजे? पत्ता बरोबर. केव्हा दाबलं हे? फाटकावर? मी तोंड उघडायच्या आधी? घराचा एक फोटो काढला अन् झालं? आत माणूस राहते का म्हैस बांधली, काही न पाहता? अहो, ही काय तपासणी झाली! लाज वाटायले पायजे! माझ्या खिडकीवर असं काम कोणी केलं असतं तर मी त्याचा कागद त्याच्या तोंडावर —

नाही. नाही, बरं केलं तुम्ही. लय बरं केलं.

मंग बसले कायले इतका वेळ? ऊन उतरायची वाट पाहून राह्यले. हं. बरोबर आहे, आता उतरलं थोडं. घ्या, चहा आला, बशीत ओता, लवकर होते.

आता तिचा फोन येईल. ती दुसरं काही विचारणार नाही, एवढंच विचारेल — दादा, मी तिथं राहते असं म्हणा लागलं काय तुम्हाले? काय सांगू तिले? म्हणा लागलंच नव्हतं, बाई. तरी म्हणलं मी.

नका हो, बसू नका आता. झाला ना चहा? जा तुम्ही. अन् फाटक ओढून घ्या, गाय शिरते.