नवव्या दिवसाचा चाम्पुर्रादो

…नाही, तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, तोमासा — आणि बघतेस काय अशी, हंडा सोडून मी तुला हाकलायला येऊ शकत नाही हे ठाऊक आहे म्हणूनच नेमकी ही वेळ साधलीस ना? मक्याचं पीठ पडलंय आत्ताच चॉकलेटमध्ये. आता हात थांबला की गुठळ्या, आणि दुसऱ्या कुणी पळी धरली की सगळं फाटलं, पाणी वेगळं नि पीठ वेगळं. ज्या हातानं सुरू केलं त्याच हातानं उतरवायचं. तुला काय शिकवायचं म्हणा, तू बाजारात बसून हेच विकतेस — आणि काय काय विकतेस ते देवाला माहीत. चिडले? मी? अजिबात चिडलेली नाही. चिडलेल्या बाईच्या हातचा चाम्पुर्रादो नासतो, आणि आज नासून चालायचं नाही, संध्याकाळी साठ माणसं जपमाळ घेऊन यायचीत, माझ्या नवऱ्याचा नववा दिवस आहे. माझ्या म्हणाले मी. ऐकू आलं ना? तर मी तुला अगदी शांतपणे सांगतेय, की कुठल्या तोंडानं आलीस तू इथं?

काय? क्रूस उचलताना उभं राहायचंय? मागं? भिंतीला लागून? — वा! म्हणजे चुन्याचा क्रूस मी काढायचा, त्याची शवपेटी ठेवली होती तिथंच, नऊ दिवस गुडघे टेकून त्याच्यापुढं मी बसायचं, आणि आज तो चुना गोळा करून कबरीवर न्यायच्या वेळेला बाईसाहेब काळी ओढणी घेऊन हजर. नाही. अकरा वर्षं तुझ्याकडं जेवला, तुझ्याकडं झोपला, सदरे तू धुतलेस — मान्य. गावानंच मान्य केलंय, मी कोण नाही म्हणणार? पण देवळात पाद्र्यासमोर हात माझा धरला होता फिदेन्सिओनं. मेल्यावर मुकाट्यानं पाठवून दिलंस की नाही माझ्याकडं? मग झालं. अंगणात माझी नणंद, चोले, मक्याच्या पानांत तमाले बांधत बसलीय, तिनं तुला पाहिलं ना, तर ती काही पळी धरून उभी नाहीये माझ्यासारखी. तिचे दोन्ही हात मोकळे आहेत.

नाक नको फुगवूस. वास ओळखीचा वाटला असेल. दालचिनी तुझ्यासारखीच घातलीय — म्हणजे तुझ्यासारखी नाही, असते तशी, दालचिनी ती दालचिनी. तुझा पातळ असतो. कसं कळलं म्हणजे? लोक म्हणतात. — बरं, प्यायलेय. एकदा. शेजारणीला पाठवून आणवला होता, तुझं नाव न काढता, झाकण घालून. बरं, एकदा नाही, पाच-सहा रविवार आणवला. बघायचं होतं मला, एवढं आहे तरी काय त्यात, की माणूस लग्नाची बायको सोडून जातो. काही नव्हतं! गूळ कमी, बस. माझा म्हणे घशाशी येतो, एवढा गोड. हे त्यानं मला एकवीस वर्षांत एकदा तोंडानं सांगितलं असतं, तर मी एक ढेकूळ कमी घातलं नसतं का? तेव्हापासून कमीच घालते. कुणासाठी? कुणासाठी नाही. मला आवडतो म्हणून. आजही कमीच घातलाय, साठ माणसं तोंड वाकडं करतील तर करू देत.

आता काय सांगायचंय ते सांग आणि वाटेला लाग. शेवटच्या दिवशी काही बोलला? बोलला असेल. मला काय त्याचं? मी विचारलंय का तुला? नऊ दिवसांत कुणाला विचारलं नाही मी — डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला मला ठाऊक नाही, पेटी उचलणाऱ्या दोघांना विचारलं, त्यांना तरी काय ठाऊक असणार — पण तुझ्या दाराशी नाही आले. येणारही नव्हते. …काय बोलला?

नीट बोल. रडत बोलू नकोस, कळत नाही.

'होविताकडं ने. घरी ने मला.' — असं? तापात असेल. तापात माणूस काहीही बरळतो. तीनदा? माझं नाव घेऊन? तुझ्या पलंगावर पडून? — आणि तू काय केलंस गं? दोन गल्ल्या, तोमासा! दोन गल्ल्यांवर आहे हे घर! ज्या गाड्यावरनं रोज सकाळी हंडा ढकलत नेतेस त्यावर घालून आणला असतास, उशी नसती दिलीस तरी चाललं असतं! जिवंत माणूस आणायला जड झाला, आणि पेटी बरी आली चालत! काय? मी दार उघडलं नसतं म्हणून? हे तू कोण ठरवणार? मरायला टेकलेला माणूस दारात, माझा नवरा, आणि मी उघडलं नसतं? मी काय दगड आहे? —

कधी? गेल्या पावसात? …ते सांगितलं त्यानं तुला? तेही?

हो, आला होता. भिजलेला होता. तीनदा कडी वाजवली, मी आत खुर्चीवर बसून होते, दिवा विझवला मी. पाऊण तास उभा होता. उद्या परत येईल म्हटलं, आणखी एकदा येऊ दे म्हटलं, मग उघडू.

नसतं उघडलं. बरोबर आहे तुझं. तू आणला असतास, तर त्या दिवशीही नसतं उघडलं मी.

बोलू नकोस. हात लावू नकोस मला — पळीलाही नको. थांबलाय हात ते दिसतंय मला, तळाला धरलंय, वास येतोय. धरू दे. तू जा. आणि हे अंगणात कुणापुढं काढायचं नाही, चोलेपुढं नाही, पाद्र्यापुढं नाही. ते मला म्हणाला होता तो. तुझ्याकडं नुसता निरोप होता, आणि तोसुद्धा तू नऊ दिवस उशिरा आणलास. जा म्हणते ना!