गर्दी झेलणारा डेटाबेस

डेटाबेस कुठला घ्यावा म्हणून माझ्याशी वाद घालू नका रे, मी आणि हेमंत त्यावरून महिनाभर भांडलोय. केळीचा रोजचा भाव सांगणारी साइट काढायची होती. त्यासाठी हेमंत पुण्यातली नोकरी सोडून रावेरला घरी आला होता. सकाळी भाव निघाला की अख्खा तालुका एकदम साइट उघडणार, म्हणून फुकटातला पण दणकट डेटाबेस हवा होता. मी म्हणायचो मायएसक्यूएल, तो पोस्टग्रेस. “गर्दी झाली की तुझा पडेल!” असं तो घर डोक्यावर घेऊन ओरडायचा. शेवटी पोस्टग्रेस घेतला.

साइट सुरू झाली, पण कुणी येईचना. हेमंतच्या वडिलांना विचारलं, “नाना, गावात कुणीच बघत नाही का?”

“बघतात ना भो! मी सकाळी उघडतो, फोटो काढतो, सगळ्या ग्रुपवर टाकतो. लोकांना बजावलंय, तुम्ही कुणी उघडू नका, गर्दीनं पोराची साइट पडेल.”



साइट बंद करून हेमंत पुण्याला परत निघाला, तेव्हा नाना स्टेशनवर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पण एकदाही पडू दिली नाही हं आपण.”